शिक्षक, नर्स आणि आठ घरं: नुनावुतमधल्या एका वस्तीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुत प्रदेशातलं, बॅफिन बेटाच्या किनाऱ्यावरच्या एका वस्तीत सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आठ घरं कशी बांधली गेली, याचं आहे. वस्ती आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि का झाले, ते मात्र तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत. एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता नाही, दक्षिण कॅनडातून येणाराही नाही. माणसं विमानाने येतात आणि जड सामान उन्हाळ्यात जहाजाने येतं. या जहाज वाहतुकीला तिथे सीलिफ्ट म्हणतात. बॅफिनकडची जहाजं माँट्रियलजवळच्या धक्क्यांवरून निघतात. बर्फ फुटल्यावर जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत वस्तीला मोजक्याच फेऱ्या मिळतात. बहुतेक ठिकाणी धक्का नाही. जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि भरतीच्या वेळी सपाट तराफ्यांवरून सामान किनाऱ्यावर उतरवलं जातं.

या वस्तीची लोकसंख्या हजाराच्या आसपास, जवळपास सगळे इनुइट, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी. एक शाळा, एक आरोग्य केंद्र, दोन दुकानं, डिझेलवरचं वीजघर, खडीची धावपट्टी. गावात कायमचा डॉक्टर नाही. आरोग्य केंद्र नर्स चालवतात. रोगी गंभीर असेल तर त्याला विमानाने प्रदेशाच्या राजधानीत, इकालुइटला आणि तिथून गरज पडली तर ओटावाला नेतात. म्हणजे एका नर्सची जागा रिकामी राहिली, तर गावाची आरोग्यसेवा केवळ तातडीच्या रुग्णांपुरती उरते.

घरांची टंचाई इथे जुनी आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारने १९९३ मध्ये नव्या सामाजिक घरबांधणीचा पैसा थांबवला. त्याच दशकात, नुनावुत वेगळं होण्याआधी, तेव्हाच्या वायव्य प्रदेश सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांची बरीच क्वार्टर विकून टाकली. पुढे १ एप्रिल १९९९ ला नुनावुत अस्तित्वात आलं, सरकारी खाती मुद्दाम छोट्या वस्त्यांत विखुरली गेली, नोकऱ्या वाढल्या, आणि कर्मचाऱ्यांसाठी घरं पुन्हा खासगी मालकांकडून लांब मुदतीच्या भाड्याने घ्यावी लागली. आज नुनावुतमधले निम्म्याहून जास्त इनुइट गर्दीच्या घरांत राहतात.

जमिनीचाही एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. वस्तीच्या हद्दीतली जमीन वस्तीची असते, ती विकली जात नाही, फक्त भाडेपट्ट्याने मिळते. जमीन विकायला परवानगी द्यावी का, यावर १९९५ आणि २०१६ मध्ये सार्वमत झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. त्यामुळे भूखंड कोणाला आणि कशासाठी द्यायचा, हे ठरवताना गावच्या परिषदेचा शब्द खऱ्या अर्थाने चालतो. या प्रकरणाला वळण मिळालं ते याच अधिकारामुळे.

प्रश्न

नुनावुत सरकारच्या नोकरीच्या जाहिरातीत घराबद्दल एक ओळ असते: या पदाला सवलतीच्या भाड्याचं क्वार्टर आहे किंवा नाही. घर माणसाला मिळत नाही, पदाला मिळतं. गावात भाड्याची खासगी घरं जवळजवळ नाहीत. त्यामुळे ‘नाही’ असं लिहिलेलं पद बाहेरच्या उमेदवारासाठी बंदच असतं.

त्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला शाळा उघडली तेव्हा शिक्षकांची तीन पदं रिकामी होती. दोन उमेदवारांनी होकार दिला होता, पण क्वार्टर दुसऱ्या अनोळखी शिक्षकाबरोबर वाटून घ्यावं लागेल असं कळल्यावर त्यांनी नकार कळवला. आरोग्य केंद्रात कायम नर्सचं एक पद वर्षभर रिकामं होतं. एजन्सीच्या नर्स काही आठवड्यांसाठी येत, परत जात. रोग्याला दर वेळी आपला इतिहास पहिल्यापासून सांगावा लागे.

खात्याने या सगळ्याचा अर्थ ‘बाहेरून येणाऱ्यांसाठी घरं कमी आहेत’ असा लावला. तो खरा होता, पण अपुरा होता. शाळेत नुनावुत आर्क्टिक कॉलेजच्या शिक्षक प्रशिक्षणातून पदवी घेतलेली गावातलीच एक शिक्षिका होती. इनुक्टिटुट या इनुइट भाषेतून शिकवू शकणारे जे थोडे शिक्षक आहेत, त्यांपैकी ती एक. ती तीन खोल्यांच्या सार्वजनिक (सरकारी मालकीच्या) घरात अकरा माणसांबरोबर राहत होती. घरात टेबल मोकळं मिळत नाही म्हणून रात्री नऊपर्यंत वर्गात बसून वह्या तपासायची. शाळेची बॉयलर रूम बंद करायला येणारा माणूस आधी तिच्या वर्गाचा दिवा बघायचा. ती मोठ्या गावात बदली मागत होती. तिच्या पदाच्या जाहिरातीत क्वार्टर नव्हतं, कारण ती ‘स्थानिक’ होती आणि तिला घर आहे असं गृहीत धरलं होतं.

इथे भाड्याची एक गाठही आहे. सार्वजनिक घराचं भाडं उत्पन्नानुसार ठरतं. उत्पन्न नसेल तर भाडं अगदी नाममात्र असतं, पगार सुरू झाला की वाढतं. घर तेच, गर्दी तीच, भाडं मात्र चढतं. दक्षिणेतून आलेल्या तिच्या सहकाऱ्याला त्याच पगारावर सवलतीच्या भाड्यात एकट्यासाठी घर मिळतं. इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यातल्या १९९३ च्या नुनावुत कराराच्या २३ व्या कलमाप्रमाणे सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकं व्हायला हवं. लोकसंख्येत ते सुमारे ८५ टक्के आहेत, सरकारी नोकऱ्यांत जवळपास निम्मे, आणि वरच्या पदांवर त्याहून कमी. शिक्षण आणि प्रशिक्षण ही कारणं आहेतच. पण पदवी घेऊन गावात परतलेल्या माणसाला झोपायला आणि अभ्यासाला खोली नसेल तर प्रशिक्षणावर घातलेला पैसा पुढच्या विमानाने इकालुइटला जातो.

तपासलेले पर्याय

गावची परिषद, शिक्षण आणि आरोग्य खाती, प्रदेशाचं गृहनिर्माण महामंडळ आणि सार्वजनिक घरं सांभाळणारी स्थानिक गृहसंस्था यांनी हिवाळ्यात काही बैठका घेतल्या. चर्चा पाच पर्यायांवर झाली.

पहिला, घरभाडे भत्ता वाढवणं. हा सर्वांत झटपट होता आणि सर्वांत आधी बाजूला पडला. भाड्याने घ्यायला घरच नसेल तर भत्ता कशावर खर्च करणार? महाराष्ट्रात मुख्यालयी राहण्याची अट आणि घरभाडे भत्ता यांवरून शिक्षक आणि ग्रामसेवकांचे जे वाद होतात, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा तिढा ओळखीचा वाटेल. इतर आर्थिक सवलतींचंही तेच. २०१३ पासून कॅनडाचं केंद्र सरकार दुर्गम भागात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या विद्यार्थी कर्जाचा काही भाग माफ करतं. त्या सवलतीने माणूस अर्ज करतो, पण अर्ज केल्यावर राहायचं कुठे हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरा, काही सार्वजनिक घरं कर्मचाऱ्यांकडे वळवणं. गृहसंस्थेने ठाम विरोध केला. प्रतीक्षायादीवरच्या कुटुंबाचं घर काढून बाहेरच्या शिक्षकाला दिलं तर तो शिक्षक गावात सुखाने राहू शकणार नाही. हा आक्षेप योग्यच होता.

तिसरा, कारखान्यात तयार केलेली मॉड्यूलर घरं जहाजाने आणणं. काम लवकर होतं हे खरं. पण मोठे ठोकळे तराफ्यावरून उतरवायला आणि किनाऱ्यावरून भूखंडापर्यंत न्यायला लागणारी क्रेन वस्तीत नव्हती, ती त्याच जहाजाने आणावी लागली असती. शिवाय प्रवासात सांधे हलले तर बाष्परोधक प्लास्टिक फाटतं. आतली दमट हवा त्या फटीतून भिंतीत शिरून गोठते आणि दोन हिवाळ्यांत भिंत सडायला लागते.

चौथा, महामंडळाने स्वतः इमारत बांधणं. लांबच्या हिशेबात हा स्वस्त होता, पण त्या वर्षीच्या भांडवली कामांच्या यादीत ही वस्ती नव्हती. यादीत येईपर्यंत दोन-तीन वर्षं गेली असती.

पाचवा, इनुइट मालकीच्या एका विकासकाने बांधायचं आणि सरकारने लांब मुदतीच्या भाड्याने घ्यायचं. हा स्वीकारला गेला. महामंडळाच्या माणसांनी यात एक अट घातली आणि ती या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ठरली. भाडेकरार १५ वर्षांचा असेल आणि शेवटी आधीच ठरलेल्या घसारा-किमतीला इमारत विकत घेण्याचा हक्क सरकारला असेल. पूर्वी विकलेली क्वार्टर चढ्या भाड्याने परत घ्यावी लागण्याचा अनुभव पाठीशी नसता तर ही अट कोणाला सुचली नसती.

भूखंड आणि पाया: पहिला मोठा निर्णय

इथे जमीन कायम गोठलेली असते. घराची ऊब जमिनीत उतरली तर खालचं बर्फ वितळतं आणि घर तिरकं होतं. म्हणून इमारत जमिनीपासून वर उचलून बांधतात, खालून वारा वाहता ठेवतात. पाया दोन प्रकारचा. एकात खडीच्या जाड भरावावर लोखंडी नळ्यांची जाळीदार चौकट बसवतात. भराव हलला तर चौकट जॅकने पातळीत आणता येते. दुसऱ्यात जमिनीत भोक पाडून पोलादी पाइल, म्हणजे लांब खांब, उतरवतात. खडक जवळ असेल तर पाइल खडकात रोवून ग्राउट करतात, म्हणजे भोवतीची फट सिमेंटच्या लगद्याने भरतात. नसेल तर भोवती वाळू-पाण्याचं मिश्रण ओततात, ते गोठलं की पाइल घट्ट धरली जाते. हे काम थंडी असतानाच करायचं असतं आणि वजन टाकण्याआधी मिश्रण पूर्ण गोठायला वेळ द्यावा लागतो.

तीन भूखंड समोर होते. त्यांतल्या एकावर दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कामासाठी खडीचा भराव टाकलेला होता आणि तो बसलेला होता. नवा भराव टाकला तर तो बसायला एक उन्हाळा-हिवाळा द्यावा लागतो. तयार भरावाचा भूखंड घेतला की एक वर्ष वाचत होतं. परिषदेतल्या एका ज्येष्ठ सदस्याने सांगितलं होतं की त्या जागी हिमवादळानंतर बर्फाचे ढीग साचतात, कारण शाळेची इमारत वारा अडवते. ते इतिवृत्तात नोंदवलं गेलं, पण वर्ष वाचवण्याच्या घाईत त्याचं वजन कमी पडलं. हिमसाठ्याचा साधा नकाशासुद्धा काढला गेला नाही.

पाइलची निवड यंत्राने ठरवली. वीजघराच्या एका कामासाठी पाइल खोदायचं यंत्र त्या हिवाळ्यात गावात थांबणार होतं. ते पुढच्या जहाजाने निघून गेलं असतं तर परत कधी येईल याची खात्री नव्हती. अडचण एवढीच की मार्चमध्ये खोदायचं तर पाइल त्याआधीच्या सप्टेंबरच्या जहाजाने यायला हव्यात आणि तोवर भाडेकरारावर सह्या झालेल्या नव्हत्या. विकासकाने परिषदेचं भूखंड राखून ठेवल्याचं पत्र घेतलं आणि स्वतःच्या जोखमीवर पाइल मागवल्या. करार फिसकटला असता तर पोलाद किनाऱ्यावर गंजत पडलं असतं. ही जोखीम न घेता सगळ्या सह्यांची वाट पाहिली असती तर पूर्ण एक शैक्षणिक वर्ष गेलं असतं. उत्तरेत कागदाचं वेळापत्रक आणि जहाजाचं वेळापत्रक कधीच जुळत नाही. दोघांमधलं अंतर कोणी तरी स्वतःच्या पैशाने भरून काढतो. तो कोण, हे आधीच ठरलेलं बरं.

घरं किती आणि कोणासाठी: दुसरा मोठा निर्णय

खात्याच्या पहिल्या आराखड्यात एकेका झोपायच्या खोलीची आठ घरं होती. गृहीत असं की येणारा शिक्षक किंवा नर्स एकटी असते. आठही घरं जाहिरातीतल्या पदांना जोडायची होती.

आराखडा भूखंडाच्या मंजुरीसाठी परिषदेसमोर आला तेव्हा तिथे तो अडला. एका सदस्याने विचारलं, “बाहेरच्याला येण्याआधीच किल्ली, आणि आमच्या पोरीने अर्ज करून वाट बघायची?” पुढचे दोन महिने वाटाघाटीत गेले. खात्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. तीन वर्ग शिक्षकाविना होते आणि स्थानिक शिक्षिकेला घर दिल्याने एकही रिकामं पद भरणार नव्हतं. परिषदेचा मुद्दा असा की तिला घर दिलं नाही तर पुढच्या वर्षी चौथं पद रिकामं होईल. दोघं एकाच रजिस्टरची वेगवेगळी पानं वाचत होती, एक भरतीचं आणि दुसरं राजीनाम्यांचं.

शेवटी ठरलं ते असं: एका खोलीची तीन, दोन खोल्यांची तीन आणि तीन खोल्यांची दोन घरं. चार घरं जाहिरातीतल्या पदांसाठी, त्यांतली तीन शिक्षकांना आणि एक नर्सला. उरलेली चार गावात आधीच काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी, मोठी दोन्ही घरं धरून. परिषदेने ही विभागणी भूखंडाच्या भाडेपट्ट्यात अट म्हणून लिहून घेतली. धोरणात ठेवली असती तर अधिकारी बदलला की ती बदलली असती.

एक गाठ उरली. सार्वजनिक घर सोडून क्वार्टरमध्ये गेलेल्या स्थानिक माणसाची नोकरी सुटली तर घरही जातं आणि तो सार्वजनिक घरांच्या यादीत तळाला येतो. दक्षिणेतून आलेला माणूस नोकरी सुटल्यावर आपल्या गावी परत जातो. स्थानिक माणूस आपल्याच गावात बेघर होतो. गृहसंस्थेने दोन गोष्टी मान्य केल्या. नोकरी सुटल्यावर क्वार्टर रिकामं करायला सहा महिने मिळतील आणि यादीतला अर्जाचा जुना दिनांक कायम राहील. कागदावर ही दोन वाक्यं होती, पण ती नसती तर चारपैकी एकानेही घर घेतलं नसतं असं वाटपाच्या वेळच्या चर्चांवरून स्पष्ट दिसतं.

बांधकाम

दुसऱ्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये पाइल बसल्या. ऑगस्टमध्ये लाकूड, इन्सुलेशन, खिडक्या, बॉयलर, टाक्या आल्या. ऑक्टोबरअखेर बाहेरचा सांगाडा बंद झाला, म्हणजे छप्पर, भिंती, खिडक्या लागल्या आणि आत हीटर चालवून हिवाळाभर काम करता आलं. हा टप्पा चुकला तर बाकी सगळं चुकतं. वादळी वाऱ्यात उघड्या सांगाड्यात बर्फ भरतं आणि वसंतात ते इन्सुलेशनमध्ये वितळतं.

सामानाच्या यादीबाबत सगळे सावध होते. २००६ मध्ये केंद्राने नुनावुतच्या घरांसाठी २० कोटी डॉलर दिले होते आणि त्या कार्यक्रमाचा खर्च अंदाजाबाहेर गेला होता, ही आठवण ताजी होती. म्हणून प्रत्येक खोक्यावर बाहेरून तीन बाजूंना क्रमांक, आत यादी, यादीची प्रत वेगळ्या विमानाने. तरीही एक चूक झालीच. आठ घरांचे अग्निरोधक दरवाजे चौकटींसह एका मोठ्या खोक्यात होते. उतरवताना त्यात समुद्राचं पाणी गेलं आणि काही चौकटी वाकल्या. खोकं बाहेरून धड दिसत होतं, दरवाजे शेवटी लागतात, म्हणून ते मेपर्यंत उघडलंच नाही. वाहतूक कंपनीकडे नुकसानीचा दावा करायची मुदत कधीच संपली होती.

असे दरवाजे लागल्याशिवाय अग्निसुरक्षेची मंजुरी मिळत नाही आणि मंजुरीशिवाय कोणाला राहता येत नाही. पुढचं जहाज ऑगस्टअखेर येणार, शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडणार. दरवाजे विमानाने मागवले. वाहतुकीचा खर्च दरवाजांच्या किमतीपेक्षा जास्त झाला. तरी तो योग्य खर्च होता, कारण दोन आठवड्यांसाठी तीन शिक्षक गमावणं त्याहून महाग पडलं असतं.

सप्टेंबरमध्येच खोकं उघडलं असतं तर ऑक्टोबरच्या शेवटच्या जहाजाने नवे दरवाजे आले असते. सामान उतरल्यापासून आठ दिवसांत प्रत्येक खोकं उघडून बघणं हे एका माणसाचं स्वतंत्र काम असायला हवं, मग ते सामान वापरायला सहा महिने असोत.

राहायला आल्यावर

जुलैमध्ये किल्ल्या दिल्या. चौघा स्थानिक कर्मचाऱ्यांपैकी तिघांनी घर घेतलं. चौथी, शाळेतली एक मदतनीस, तिने नकार दिला. तिच्या सार्वजनिक घराचा करार तिच्या नावावर होता. ती बाहेर पडली तर आई आणि भावंडांचं काय, या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ते घर नंतर गावच्याच एका आरोग्य कर्मचाऱ्याला गेलं. पदवीधर शिक्षिका नवरा आणि तीन मुलांसह तीन खोल्यांच्या घरात आली. तिने बदलीचा अर्ज मागे घेतला.

इथल्या घरात पाणी नळाने येत नाही, टँकरने येतं. प्रत्येक घरात पाण्याची साधारण १,२०० लिटरची टाकी असते आणि तिच्याहून मोठी सांडपाण्याची. सांडपाण्याची टाकी भरली की फ्लोट स्विच पाण्याचा पंप बंद करतो, नाहीतर मैला उलटा घरात येईल. वादळात टँकर दोन-तीन दिवस येत नाही. शहरातून आलेल्या माणसाला हे कोणी सांगितलं नाही तर पहिल्याच वादळात अंगभर साबण लावलेला असताना नळ बंद होतो आणि त्याला वाटतं घर बिघडलं.

खरं नुकसान दोन ठिकाणी झालं. पहिलं, हवा खेळती ठेवणारी यंत्रं. बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं हे यंत्र थोडा आवाज करतं आणि त्याच्या झडपेतून गार झुळूक येते. दोन घरांत भाडेकरूंनी ते बंद ठेवलं. जानेवारीपर्यंत खिडक्यांच्या चौकटींवर बर्फ साचलं आणि फेब्रुवारीत कोपऱ्यांत बुरशी आली. दुसरं, नाताळची सुट्टी. शिक्षक दक्षिणेला गेले. एका घराचा बॉयलर बंद पडला. अशा वेळी बाहेरच्या भिंतीवर लाल दिवा लागतो, घरातलं तापमान खाली गेल्याची ती खूण असते. दिवा लागलाही. पण फोन कोणाला करायचा हे शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर फेरीला आला तेव्हा त्याने पाहिलं. तोवर टाकीच्या खोलीतला पाइप फुटला होता.

इथे भाडेकरारातली कमजोर जागा उघडी पडली. दुरुस्तीची जबाबदारी विकासकाची होती, पण मुदत ‘कामकाजाच्या दिवसांत’ लिहिली होती आणि त्याचा बर्नर मेकॅनिक दुसऱ्या वस्तीत राहत होता. सुट्टीत, वादळात, तीस अंश उण्याला कामकाजाचा दिवस म्हणजे काय?

निष्पत्ती

किल्ल्या दिल्यानंतरच्या पहिल्या ऑगस्ट महिन्यात तिन्ही शिक्षकपदं भरलेली होती. त्यांतला एक शिक्षक नाताळनंतर परतला नाही. कारण घर नव्हतं, एकटेपणा होता. त्याला घर बांधून उत्तर देता येत नाही. उरलेले दोघं तिसऱ्या वर्षीही शाळेत होते. गावचे चौघं कर्मचारीही टिकले, आणि ते ज्या सार्वजनिक घरांतून बाहेर पडले तिथली गर्दी तेवढी कमी झाली. हा फायदा कोणाच्याही मूळ हिशेबात नव्हता. आज पुन्हा हिशेब मांडायचा झाला तर सर्वांत आधी तोच मांडायला हवा: बाहेरच्याला दिलेलं घर एका पदाचा प्रश्न सोडवतं. गावच्या कर्मचाऱ्याला दिलेलं घर पद टिकवतं आणि मागे एक खोलीही मोकळी करतं.

नर्ससाठीचं घर मात्र फसलं. कायम नर्स मिळाली नाही. एजन्सीच्या नर्स थोड्या आठवड्यांसाठी येतात, त्यांना भांड्याकुंड्यांसह सजवलेलं घर लागतं. या घरात सामानच नव्हतं आणि पलंग-टेबल आणायचं तर पुढचं जहाज. चार महिने ते गरम ठेवून बंद राहिलं. प्रतीक्षायादीवरच्या कुटुंबांनी रोज त्या बंद दारासमोरून जायचं, हे वस्तीत खूप खुपलं, आणि ते खुपणं समजण्यासारखं आहे.

दारांचंही तसंच. ज्येष्ठ सदस्याने सांगितल्याप्रमाणे पहिल्याच हिमवादळानंतर तीन घरांची दारं अर्ध्यापर्यंत बर्फात गेली. मागच्या बाजूला नवे जिने लावावे लागले.

वेगळं काय करता आलं असतं

घर बांधायला घेण्याआधी राजीनाम्यांची यादी बघायला हवी होती. मागच्या पाच वर्षांत कोण गेलं, कुठे राहत होतं, घरात किती माणसं होती, हे मुख्याध्यापक आणि गृहसंस्था मिळून दोन दिवसांत काढू शकले असते. खोल्यांचं प्रमाण त्यावरून ठरलं असतं आणि परिषदेबरोबरचे दोन महिने वाचले असते.

नर्सचं घर पहिल्या दिवसापासून सजवलेलं, थोड्या मुक्कामाचं घर म्हणून आखायला हवं होतं. कायम नर्स आली तर सामान काढता येतं. उलट करायला वर्ष लागतं.

दुरुस्तीची मुदत तासांत लिहायची: गरमी बंद पडली तर इतक्या तासांत माणूस दारात. त्यासाठी गावातल्याच एकाला बर्नर मेकॅनिकचं प्रशिक्षण देणं विकासकावर बंधनकारक करायचं. लाल दिव्याखाली फोन नंबर रंगवायला काही पैसे लागत नाहीत. सुट्टीत कोणती घरं बंद आहेत त्याची यादी टँकरवाल्याकडे द्यायची, कारण गावातल्या प्रत्येक घरासमोर नियमाने जाणारा तोच एक माणूस आहे.

सार्वजनिक घराचा करार घरातल्या दुसऱ्या प्रौढाच्या नावावर विनाअडथळा करून देण्याची पद्धत गृहसंस्थेने आधी बसवली असती तर त्या मदतनीस बाईंना नकार द्यावा लागला नसता. हे काम अजून झालेलं नाही.

दरम्यान २०२२ मध्ये नुनावुत सरकारने २०३० पर्यंत ३,००० घरांचा कार्यक्रम जाहीर केला. वस्तीनेही दुसऱ्या इमारतीची तयारी सुरू केली आहे. या वेळी भूखंड वाऱ्याच्या बाजूचा, बर्फ न साचणारा निवडला आहे. निधीच्या मंजुरीची वाट न पाहता परिषदेने तिथे आपल्या खर्चाने भराव टाकून घेतला आहे, म्हणजे पैसा येईपर्यंत तो बसलेला असेल. वाटपाची अट भाडेपट्ट्याच्या मसुद्यात पहिल्या पानावर आहे. पहिल्या इमारतीच्या खरेदीच्या हक्कासाठी सरकारने करार संपण्याच्या दोन वर्षं आधी लेखी कळवायचं आहे. तो दिनांक परिषदेच्या कार्यालयात भूखंडांच्या नकाशाशेजारी लावलेला आहे.